स्वमग्न बालकांच्या व्यायामाला घरच्या कुत्र्याची सोबत

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील उंब्रज हे गाव पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर, तारळी नदी कृष्णेला मिळते त्या ठिकाणी वसलेले आहे. समर्थ रामदासस्वामींनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती या गावी आहे. मारुती हे बलोपासनेचे दैवत. गावोगावच्या तालमीत त्याची मूर्ती असते, ती याच कारणाने. उंब्रजपासून जवळच, तारळीच्या काठी, पाल हे खंडोबाचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे खंडोबा आणि म्हाळसा यांच्या विवाहाची मोठी यात्रा भरते. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो आणि त्याच्या कुळाचारात कुत्र्यालाही नैवेद्य दिला जातो. खंडोबाचा वाघ्या तर स्वतःला देवाचा कुत्राच म्हणवून घेतो.

शरीर कमावणे आणि कुत्र्याला घरच्या माणसांत धरणे, या दोन्ही गोष्टी या परिसराला नव्या नाहीत. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींचा एकत्र विचार एका वेगळ्या कारणासाठी करावयाचा आहे. ज्या मुलांना मैदानावरच्या खेळात सहसा जागा मिळत नाही आणि ज्यांचा दिवस बहुधा घराच्या चार भिंतींत जातो, अशा स्वमग्न मुलांना चालते-फिरते करण्यासाठी घरचा कुत्रा उपयोगी पडू शकतो काय, पडत असल्यास कसा, आणि त्यासाठी कोणती दक्षता घ्यावी, हा तो विचार होय.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा रोग नव्हे; ती मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे पहिले तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. इतरांशी संवाद साधणे आणि त्यांच्या मनातले ओळखणे या मुलांना कठीण जाते. तीच कृती पुन्हा पुन्हा करणे, ठरलेल्या क्रमात बदल सहन न होणे, आवाज, प्रकाश वा स्पर्श यांचा अतिशय त्रास होणे किंवा त्यांची जाणीवच कमी असणे, ही तिची इतर लक्षणे होत. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही अस्खलित बोलतात. काहींना प्रत्येक कामात मदत लागते, तर काही पदवीपर्यंत शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वीच्या एका अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १०० मुलांमागे एक मूल स्वमग्न होते. म्हणजे मोठ्या लोकसंख्येच्या प्रत्येक गावात अशी काही मुले असणारच. ती दिसत नसतील, तर ती घरात आहेत असे समजावे.

एके काळी पाश्चात्त्य देशांतील तज्ज्ञही या स्थितीचा दोष आईच्या कोरड्या वागणुकीला देत असत. ते मत शास्त्राने केव्हाच टाकून दिले आहे. आपल्याकडे अजूनही कोठे आईला बोल लावला जातो, कोठे बाहेरची बाधा मानून अंगारेधुपारे केले जातात. त्यात मुलाची पहिली मोलाची वर्षे निघून जातात.

हालचाल का कमी पडते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी शारीरिक हालचाल केली पाहिजे. ही शिफारस दिव्यांग मुलांनाही लागू आहे. प्रत्यक्षात स्वमग्न मुलांची हालचाल त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा बहुधा कमी आढळते.

याची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे. अनेक स्वमग्न मुलांचा तोल आणि हातापायांचा मेळ कमी असतो. चेंडू झेलणे किंवा उडी घेणे त्यांना अवघड जाते. कबड्डी, खो-खो, क्रिकेट यांसारख्या सांघिक खेळांत न सांगितलेले नियम पुष्कळ असतात. केव्हा धावायचे, केव्हा थांबायचे, सोबती थट्टा करतो आहे की रागावला आहे, हे क्षणात ओळखावे लागते; स्वमग्न मुलाची अडचण नेमकी तेथेच असते. त्यात मैदानावरचा गलका. दोन-चार वेळा हसे झाले की मूल खेळातून बाजूला होते. पालकांनाही धास्ती असते. काही स्वमग्न मुले नजर चुकवून घराबाहेर पडतात. ज्या गावाच्या एका अंगाला महामार्ग आणि दुसऱ्या अंगाला नदी आहे, तेथे आईने दाराला कडी घालून घेतली तर तिला दोष देता येणार नाही.

परंतु या कडीची किंमत मोठी असते. मोजकेच पदार्थ खाण्याची सवय आणि काही औषधांचा परिणाम यांमुळे या मुलांचे वजन वाढण्याचा संभव असतोच. त्यात बैठेपणाची भर पडते. झोप लागत नाही, मूल रात्ररात्र जागते, त्याच्याबरोबर घर जागते, आणि दुसऱ्या दिवशी चिडचीड वाढते. नियमित व्यायामाने स्वमग्न मुलांची झोप, स्वास्थ्य आणि लक्ष देण्याची शक्ती यांत काही प्रमाणात सुधारणा होते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. प्रश्न असतो तो मुलाला व्यायामाची गोडी कशी लावावी हा. ‘चल, फिरून येऊ’ या वाक्यात त्याला काहीच कारण दिसत नाही.

कुत्रा नेमके काय करतो?

कुत्रा हे कारण पुरवितो. त्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यावेच लागते. ही गरज रोज त्याच वेळी उत्पन्न होते आणि ती डोळ्यांना दिसते: तो उठतो, दाराशी जातो, शेपूट हलवतो. ठरलेला क्रम आवडणाऱ्या मुलाला हा क्रम सोयीचा वाटतो. फिरणे ही आज्ञा न राहता दिनक्रमातील एक पायरी होते.

दुसरे असे की, कुत्र्याचे बोलणे देहाचे असते. त्यात उपरोध नसतो, दुहेरी अर्थ नसतो. तो उत्तरासाठी घाई करीत नाही, बोबडे बोलण्याला हसत नाही. तोच चेंडू पन्नास वेळा फेकला, तरी पन्नासाव्या वेळी तो तितक्याच उत्साहाने धावतो. सोबत्यांना ज्या पुनरावृत्तीचा कंटाळा येतो, तीच येथे खेळाचे मर्म ठरते. चेंडू फेकताना खांदा व हात, वाकताना कंबर, मागे धावताना पाय, अशी सर्वांगाची हालचाल नकळत होते. पाण्याचे भांडे भरून आणणे, अंगावरून ब्रश फिरवणे, दोरी धरून चालणे या कामांतून हातांना वळण लागते.

तिसरा लाभ सामाजिक आहे. एकटे चालणाऱ्या मुलाशी सहसा कोणी बोलत नाही. कुत्रा बरोबर असला की पारावरची माणसे त्याचे नाव विचारतात, दुसरी मुले जवळ येतात. बोलण्याचा विषय समोरच उभा असल्यामुळे स्वमग्न मुलालाही उत्तर देणे सोपे जाते.

संशोधनाची साक्ष

मुलांच्या उपचारात कुत्र्याचा पद्धतशीर उपयोग करण्याची कल्पना अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये मांडली. जिंगल्स नावाचा त्यांचा कुत्रा खोलीत असला की अबोल मुले मोकळी होतात, असे त्यांना आढळले होते. १९९० नंतरच्या दशकात कॅनडामध्ये स्वमग्न मुलांसाठी खास शिकविलेले कुत्रे देण्यास सुरुवात झाली. आपल्या राज्यात मुंबईच्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’ या संस्थेने मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या पुढाकाराने विशेष मुलांसाठी प्राणिसाहाय्यित उपचारांचे काम उभे केले आहे. तेथे प्रशिक्षित कुत्रे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मुलांबरोबर काम करतात.

घरच्या साध्या कुत्र्याविषयीही अभ्यास झाले आहेत. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या ग्रेचेन कार्लाइल यांनी स्वमग्न मुलांच्या ७० पालकांकडे चौकशी केली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घरांत कुत्रा होता, आणि अशा घरांतील ९४ टक्के पालकांनी मुलाचा कुत्र्यावर जीव असल्याचे सांगितले. फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वयाच्या पाचव्या वर्षानंतर घरात प्राणी आला अशा स्वमग्न मुलांमध्ये वस्तू वाटून घेणे आणि दुसऱ्याचे सांत्वन करणे या वर्तनांत वाढ दिसली. शारीरिक हालचालींच्या दृष्टीने अमेरिकेतील ऑरेगॉन राज्य विद्यापीठाचे काम महत्त्वाचे आहे. तेथे मेंदूचा पक्षाघात असलेल्या १० वर्षांच्या एका मुलाला त्याच्या घरच्याच कुत्र्यासह ८ आठवडे, आठवड्यातून एकदा तासभर व्यायाम देण्यात आला. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलाची हालचाल आणि कुत्र्याशी असलेले त्याचे नाते, या दोहोंत सुधारणा नोंदली गेली.

या निष्कर्षांचे मोल ओळखावे, तशा त्यांच्या मर्यादाही ओळखाव्यात. यांतील बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवर झालेले आहेत. काहींचा आधार केवळ पालकांचे सांगणे हा आहे. कुत्र्यामुळे स्वमग्नता बरी होते, असे कोणत्याही शास्त्राने म्हटलेले नाही. तसे सांगून कोणी महागडे पिल्लू विकू पाहत असेल, तर त्याला थारा देऊ नये. वाचाोपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण यांची जागा कुत्रा घेऊ शकत नाही. व्यायामाला तो सोबती आहे, एवढेच; आणि तेवढे पुष्कळ आहे.

कोणता कुत्रा, कोणते घर?

प्रत्येक स्वमग्न मुलाला कुत्रा मानवेल असे नाही. ज्याला भुंकण्याचा आवाज असह्य होतो, ज्याला केसांची ॲलर्जी आहे, ज्याच्या मनात कुत्र्याची खोल भीती आहे, किंवा रागाच्या भरात जे मूल समोरच्याला मारते वा ओरबाडते, त्याच्यासाठी हा मार्ग सुचवू नये. म्हणून आधी नातेवाइकांच्या वा शेजाऱ्यांच्या शांत कुत्र्याजवळ मुलाला काही आठवडे नेऊन पाहावे. घरात दुसरे प्रौढ माणूस कुत्र्याची जबाबदारी घेण्यास तयार आहे काय, हेही पाहावे. सर्व भार पुन्हा आईवरच पडणार असेल, तर कुत्रा न आणणे बरे.

जातिवंत कुत्रा विकत आणण्याची गरज नाही. आपला गावठी कुत्रा येथील हवेला सरावलेला, काटक आणि कमी खर्चाचा असतो. मात्र अगदी लहान पिल्लू घेऊ नये. पिल्लू उड्या मारते, दातांनी चावते आणि मुलाची पहिली आठवणच वाईट होते. दोन-तीन वर्षांचा, माणसांत वाढलेला, शेपूट-कान ओढले गेले तरी गुरगुरण्याऐवजी बाजूला होणारा कुत्रा उत्तम. शिकारीसाठी पोसलेली जात या कामाला सहसा योग्य नसते.

ज्या घरात कुत्रा शक्य नाही, तेथे शेळी किंवा वासरू यांच्याबाबतही हाच विचार करता येईल. रोज ठरलेल्या वेळी शेळीला बांधापर्यंत नेऊन आणणे हाही व्यायामच आहे.

पहिले सहा आठवडे

आरंभ सावकाश करावा. पहिल्या आठवड्यात मुलाने कुत्र्याला लांबून पाहावे. दुसऱ्या आठवड्यात वडीलधाऱ्यांच्या हाताने खाऊ द्यावा, भांड्यात पाणी ओतावे. स्पर्शाची सक्ती करू नये. तिसऱ्या आठवड्यापासून फिरणे सुरू करावे. कुत्र्याच्या गळपट्ट्याला दोन दोऱ्या लावाव्यात. एक मुलाच्या हाती, दुसरी मोठ्या माणसाच्या हाती. खरा ताबा मोठ्या माणसाचा असावा. कुत्र्याची दोरी मुलाच्या कमरेला वा मनगटाला कधीही बांधू नये. परदेशांत काही ठिकाणी तशी पद्धत आहे. परंतु तेथील कुत्रे त्यासाठी दीर्घकाळ शिकविलेले असतात. साधा कुत्रा मांजरामागे धावला, तर मूल फरफटत जाईल.

फेरी सुरुवातीला ५ ते १० मिनिटांचीच ठेवावी आणि दर आठवड्याला थोडी वाढवावी. वाट एकच असावी. विजेचे खांब मोजत जाणे, अमुक झाडापाशी थांबून कुत्र्याला ‘बस’ म्हणणे, मंदिरापाशी वळणे, अशा खुणा ठरवून द्याव्यात. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रांची पट्टी करावी: चपला, दोरी, रस्ता, झाड, घर, पाण्याचे भांडे. एक काम झाले की एक चित्र उलटायचे. पावसाळ्यात बाहेर जाणे जमले नाही, तर पडवीत कुत्र्याचा खाऊ लपवून तो शोधण्याचा खेळ घ्यावा, म्हणजे क्रम तुटणार नाही.

एका वहीत रोज तीन नोंदी कराव्यात: किती मिनिटे चालला, रात्री किती वाजता झोपला, दिवसात किती वेळा अनावर झाला. सहा आठवड्यांनी वही पाहिली की उपयोग होतो आहे किंवा नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. ही वही डॉक्टर व शिक्षक यांनाही दाखवावी.

चावा, रोग आणि रस्ता

रेबीज झाल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. परंतु वेळीच घेतलेल्या लसीने तो टाळता येतो. कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस द्यावी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे ती दरवर्षी पुन्हा द्यावी. जंतनाशक औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि निर्बीजीकरण याही गोष्टी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने कराव्यात. कुत्र्याला हाताळल्यावर साबणाने हात धुणे हे चित्रपट्टीतील शेवटचे चित्र असावे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्वमग्न मूल चावा किंवा ओरखडा सांगेलच असे नाही. काहींना वेदनेची जाणीवही कमी असते. म्हणून रोज संध्याकाळी हातपाय धुताना मुलाचे अंग नजरेखालून घालावे. कोणत्याही कुत्र्याचा दात लागला असल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना, मिरची असे काहीही जखमेवर लावू नये. लसीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

फिरण्याची वाट महामार्ग आणि त्याचा सेवारस्ता टाळून आखावी. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची गावरस्त्यावरही वर्दळ असते. त्या महिन्यांत वेळ वा वाट बदलावी लागेल. असा बदल मुलाला एकाएकी सांगू नये; नव्या वाटेचे चित्र आठवडाभर आधीपासून दाखवावे. उन्हाळ्यात तापलेल्या डांबराने कुत्र्याचे पंजे भाजतात, तेव्हा उन्हे चढण्यापूर्वीच परतावे.

मूल आणि कुत्रा यांना एकटे कधीही सोडू नये. कुत्र्याने तोंड फिरविले, शेपूट पायांत घेतली, वारंवार जिभेने ओठ चाटले किंवा अंग आखडून घेतले, तर तो त्रासला आहे असे समजून त्याला बाजूला जाऊ द्यावे. मुलाचा हात पोहोचणार नाही असा त्याचा एक हक्काचा कोपरा घरात असावा. कुत्र्याचे आयुष्य बहुधा दहा-बारा वर्षांचे असते, याचाही विचार आधीच करावा. सोबती एके दिवशी राहणार नाही, हे मुलाला त्याच्या परीने आधीपासून समजावणे, ही पालकांची जबाबदारी आहे.

शाळा, पंचायत आणि शासन

या सर्वांची पहिली पायरी म्हणजे मूल लवकर ओळखले जाणे. महाराष्ट्रातील पालघर येथून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करतात आणि आवश्यक तेव्हा त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. नावाने हाक मारूनही न पाहणारे, बोटाने वस्तू न दाखविणारे किंवा आलेले शब्द गमावणारे मूल आढळल्यास अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविका यांनी पथकाच्या फेरीची वाट न पाहता आरोग्य केंद्राला कळवावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र, शिक्षण आणि इतर सवलती यांवर या मुलांचा हक्क आहे. १९९९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत त्यांना १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते.

शिक्षकांनी कुत्रा शाळेत आणण्याची घाई करू नये. पण घरी लागलेली चालण्याची सवय शाळेत वापरावी. शारीरिक शिक्षणाच्या तासाला सांघिक खेळाची सक्ती करण्याऐवजी एका समजूतदार सोबत्याबरोबर मैदानाच्या ठरलेल्या फेऱ्या द्याव्यात. इतर मुलांना या मुलाच्या कुत्र्याविषयी त्याच्याकडूनच माहिती सांगवून घ्यावी.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. हा निधी केवळ वस्तूवाटपात न संपविता त्यातून वाहनांपासून सुरक्षित अशी फिरण्याची एक वाट किंवा कुंपण घातलेले छोटे मैदान तयार करता येईल. वर्षातून एकदा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने गावातील कुत्र्यांसाठी रेबीज लसीकरणाचे शिबिर भरविणे, हेही पंचायतीचेच काम आहे. गावातील कुत्रे निरोगी असतील, तरच मूल आणि त्याचा कुत्रा निर्भयपणे बाहेर पडू शकतील.

या उपक्रमाला मोठी इमारत लागत नाही, परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. एक शांत कुत्रा, दोन दोऱ्या, चित्रांची पट्टी, एक वही आणि दिवसातील अर्धा तास देणारे घरातील एक माणूस, एवढी सामग्री पुरेशी आहे. मात्र तिच्याइतकीच गरज आहे ती गावाच्या नजरेची. दोरी धरून हळूहळू चालणाऱ्या या मुलाकडे पाहून कोणी हसणार नाही आणि वाहन हाकणारा आपण होऊन वेग कमी करील, असे वातावरण निर्माण करणे प्रत्येक पंचायत सदस्याला, शिक्षकाला आणि अधिकाऱ्याला शक्य आहे. ते निर्माण झाले, म्हणजे आज घराघरांत लावली जाणारी कडी आपोआप सैल होईल.